वेखंड आणि बीटा-असारोन

महाराष्ट्रात बाळगुटीच्या साहित्यात मायफळ, मुरुडशेंग, हळकुंड यांच्यासमवेत वेखंडास पिढ्यान्‌पिढ्या स्थान आहे. आयुर्वेदात ही पाणथळ जागी वाढणारी वनस्पती 'वचा' या नावाने ओळखली जाते. तिच्या उग्र वासाच्या मूळखोडात सुगंधी तेल असून भारतीय वेखंडाच्या तेलातील प्रमुख घटक बीटा-असारोन हा आहे.

जम्मूकडील वेखंडाचे तेल आहारातून दीर्घकाळ दिलेल्या उंदरांची वाढ खुंटली व त्यांच्या लहान आतड्यात कर्करोगाच्या गाठी झाल्या, असे १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्यानंतर १९६८ साली अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास मनाई केली. पुढे १९८७ सालच्या एका अभ्यासात असारोन टोचलेल्या, आईचे दूध पिणाऱ्या उंदरांच्या पिलांच्या यकृतातही गाठी दिसून आल्या. यकृतातील विकरांमुळे असारोनचे रूपांतर होऊन बनलेली द्रव्ये डीएनएला चिकटतात, हे त्यामागील कारण मानले जाते.

सर्व वेखंड मात्र सारखे नसते. गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या उत्तर अमेरिकी प्रकारात बीटा-असारोन जवळजवळ नसते. चार संचांच्या आशियाई प्रकारात ते तेलाच्या ७० टक्क्यांहूनही अधिक असू शकते.

प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तथापि, सहाणेवर उगाळलेल्या वळशात असारोन किती उतरले, हे घरी मोजता येत नाही. त्यामुळे तान्ह्या बाळास वेखंड पोटात देण्यापूर्वी तज्ज्ञ वैद्य वा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेणेच हितावह ठरते.