बागायतीचा ट्रॅक्टर

अमेरिकेत ज्याला 'गार्डन ट्रॅक्टर' म्हणतात, ते यंत्र आपल्या नगर जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्यासमोर उभं केलं तर तो आधी पोटभर हसेल आणि मग विचारेल, "मोठा झाल्यावर दाखवा." घराभोवतालचं गवत कापायचं, हिवाळ्यात दारातला बर्फ ढकलायचा, फार तर परसातला भाजीचा वाफा नांगरायचा, एवढंच त्याचं काम. इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपनीने १९६१ साली 'कब कॅडेट' नावाचा असा ट्रॅक्टर काढला. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या कारखान्यात तो तयार होई. कोहलर कंपनीचं एका सिलिंडरचं इंजिन, सात अश्वशक्ती. आज तिकडची हौशी मंडळी हे जुने कब कॅडेट खोलतात, घासतात, मूळच्या पिवळ्या-पांढऱ्या रंगात पुन्हा रंगवतात आणि प्रदर्शनात मांडतात. चांगला छंद आहे, माझी काही तक्रार नाही.

गंमत पुढेच आहे. याच इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६३ साली महिंद्रांबरोबर भागीदारी केली, आणि त्यातून आपल्याकडे आला तो बी-२७५. तोच लाल ट्रॅक्टर, जो पाहत आमची पिढी वाढली. आणि आमच्याकडे 'बाग' म्हणजे काय? नगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगरात) बाग म्हटलं की बागायत. ज्याला कालव्याचं किंवा विहिरीचं पाणी आहे तो बागायतदार, बाकी सगळे जिरायत. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि खालच्या अंगाच्या तालुक्यांचं नशीब या एका शब्दाने बदललं. पाण्यामागे ऊस आला, उसामागे कारखाने आले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. मोसंबी, पेरू, डाळिंब हेही त्याच पाण्याचं देणं. म्हणजे एकाच कंपनीचा एक ट्रॅक्टर अमेरिकेतल्या बागेसाठी मुद्दाम बनवलेला, आणि दुसरा आमच्या बागेत अपघाताने येऊन पडलेला!

अपघात एवढ्यासाठी म्हणतो की बी-२७५ आमच्या रानासाठी आखलेलाच नव्हता. तो विलायतेत १९५८ साली निघाला. यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डजवळ आयडल नावाचं गाव आहे, तिथल्या जुन्या मोटारींच्या कारखान्यात तो बांधला जाई. चार सिलिंडरचं, १४४ घनइंचांचं डिझेल इंजिन, ताकद सुमारे ३५ अश्वशक्ती. त्याच्या चाकांमधलं अंतर, सायलेन्सरची उंची, बसायच्या जागेची उंची, हे सगळं तिकडच्या मोकळ्या शेतांचा विचार करून ठरलेलं. भूविकास बँकेचं कर्ज काढून तो आमच्याकडे आला तेव्हा तीन फुटांची उसाची सरी कोणाच्या नकाशात असणार?

आता यावर जुन्या काळी काय व्हायचं ते बघा. आमच्याकडे पाभर, कुळव, कोळपं यातलं कुठलंच अवजार तयार मिळत नसे. गावचा सुतार ते बनवायचा. पाभरीच्या दोन फणांमधलं अंतर हा त्या गावच्या जमिनीचा आणि पिकाचा हिशोब असे, आणि पेरणीच्या त्या अंतरावरच कोळप्याची पास बेतलेली असे. काळी जमीन असेल तर एक माप, मुरमाड असेल तर दुसरं. अवजार बिघडलं की सुतार ते नुसतं दुरुस्त करत नसे, मागच्या हंगामात जे अडलं ते ध्यानात ठेवून थोडं बदलतही असे. त्याचं बलुतं त्यासाठीच होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर गावोगाव पोचल्यावर पहिल्यांदा अवजार कारखान्यातून घडून येऊ लागलं, आणि ट्रॅक्टरने तर सुताराला रानातून पार बाहेरच काढलं.

निदान सगळ्यांना तसं वाटलं. माझ्या मते मात्र सुताराचं काम संपलं नाही, ते वेल्डरकडे गेलं.

बी-२७५च्या मागच्या चाकाकडे नीट पाहा. मधली लोखंडी तबकडी सपाट नसते, ताटासारखी खोलगट असते. ती उलटी करून बसवता येते, आणि बाहेरची रिम तबकडीच्या आतून किंवा बाहेरून जोडता येते. या अदलाबदलीने दोन चाकांमधलं अंतर चार-चार इंचांनी कमी-जास्त होतं. पुढचा आक्सही भोकांत बोल्ट सरकवून लांब-आखूड होतो. म्हणजे विलायतेच्या इंजिनियरने थोडी मोकळीक ठेवलेली होती. पण तबकडी उलटली की टायरच्या नक्षीची दिशाही उलटते, म्हणून डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे घालावं लागतं, नाहीतर चिखलात चाक जागेवरच फिरत राहतं. हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण पुस्तक इंग्रजीत, आणि बहुतेक वेळा पहिल्या मालकाच्या माळ्यावर. आमच्याकडच्या फिटरांना हे कळलं ते चाक उघडून. साखर कारखान्यांचा पट्टा पडला बंद की तिथे अख्खी यंत्रसामग्री खोलून पुन्हा बसवायचं काम चाले. त्या कामात हात तयार झालेले कितीतरी लोक पुढे रस्त्याकडेला टपऱ्या टाकून बसले. माझ्या लेखी तीच आमच्या जिल्ह्याची खरी यंत्रशाळा.

मग डाळिंब वाढलं. आधी गणेश, नंतर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेला भगवा. लागवडीची शिफारस साडेचार मीटर बाय तीन मीटर, म्हणजे साधारण पंधरा फूट बाय दहा. कागदावर पंधरा फूट ऐसपैस वाटतात. पण डाळिंबाचं झाड खोडावर उभं राहणारं नाही, ते झुडपासारखं बाजूला पसरतं, आणि फळाने लगडलेल्या फांद्या ओळीत उतरतात. त्यातून ब्लोअर घेऊन ट्रॅक्टर काढायचा. बॉनेटवर उभा असलेला सायलेन्सर फांद्या मोडतो, मडगार्ड फळं घासतात.

आमच्या राहाता तालुक्यातल्या घरी जो बी-२७५ आहे तो १९८१ साली दुसऱ्या हाताने घेतलेला. त्याच्या अंगावर हा सगळा इतिहास आहे. सायलेन्सर कापून आडवा केलेला, पोटाखालून मागे नेलेला. मडगार्डचे कोपरे छाटून कड गोल दुमडलेली. सीट पाच इंच खाली. मागची चाकं लहान घातलेली, त्यामुळे उंची घटली आणि त्याच गिअरमध्ये वेगही घटला. फवारणीला तो मंद वेग उलट बराच पडला. लिफ्टच्या एका बिडाच्या भागाला तडा गेला होता, त्याला पितळी झाळ मारलेली आहे. ती अजून पिवळी दिसते.

गेल्या वर्षी त्याचं इंजिन धूर मारायला लागलं आणि स्लीव्ह-पिस्टन बदलायची वेळ आली. माझा पुतण्या पुण्यात नोकरी करतो, इंटरनेटवर परदेशी लोकांचे चकचकीत जुने ट्रॅक्टर पाहतो. तो म्हणाला, "काका, उघडलाच आहे तर पूर्ण ओरिजिनल करू. सायलेन्सर उभा, मडगार्ड नवे, कंपनीचा लाल रंग. खर्च मी करतो." प्रेमाने म्हणाला. नाही म्हणायला माझी जीभ उचलेना, आणि हो म्हणायलाही.

'ओरिजिनल' म्हणजे नेमकं काय, यावर मी बरेच दिवस विचार केला. आमच्या नगर शहरात लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेलं. तिथे जुनी रोल्स-रॉइस चिलखती गाडी आहे, १९६५च्या युद्धात हस्तगत केलेला पॅटन आहे. ते जसे होते तसे जपणं योग्यच, कारण ते कुठल्या लढाईत होते हे लिहून ठेवणारे लोक होते. ट्रॅक्टरचं तसं नाही. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी बुलेट मोटारसायकलला मागे दोन चाकं आणि अवजार लावून कोळपणी केली, त्याची नोंद झाली, जगाला नाव कळलं. आमच्या सायलेन्सरला आडवा करणाऱ्याचं नाव आज माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. त्याने कुठे काही लिहिलं नाही. त्याचं लिखाण म्हणजे ती झाळ. ती घासून वर लाल रंग मारला की १९५८चा ब्रॅडफर्ड तेवढा उरतो, आमची चाळीस वर्षं जातात.

म्हणून सगळेच बदल पवित्र, असंही नाही. मधल्या काळात कोणीतरी पीटीओच्या फिरत्या शाफ्टवरचं झाकण कायमचं काढून टाकलं होतं. धोतराचा सोगा किंवा ओढणीचं टोक त्यात गेलं तर माणूस उरत नाही. ते झाकण मी नवं बनवून बसवलं. अरुंद केलेली चाकं बांधावर आणि उतारावर घात करतात, म्हणून उसाची ट्रॉली ओढायच्या आधी ती पुन्हा रुंद करायची हा नियमही घातला. सुतारही हेच करायचा की. जे अडतं ते बदला, जे मारतं ते काढा, बाकीच्याला हात लावू नका.

तर इंजिन नवं झालं, धूर बंद झाला. रंग फक्त गंज आला होता तिथे. पुतण्या थोडा हिरमुसला, पण त्याला मी एक काम दिलं आहे. शंभर पानी वहीत तो ट्रॅक्टरचे बदल लिहितोय. कोणता भाग, अंदाजे कोणत्या साली, कशासाठी, कोणाच्या हातचा. आतापर्यंत सतरा नोंदी झाल्या. अठराव्या नोंदीत एक लोखंडी पट्टी आहे, आक्साला जोडलेली. ती कशासाठी लावली ते मला आठवत नाही. ज्याने लावली तो मिस्त्री आता थकलाय, पण आहे. येत्या रविवारी पुतण्या त्याला विचारायला जाणार आहे.