पुन्हां अंक पहिला

३१ मे २०११ या दिवशीं अमेरिकेंतील डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेनें जाहीर केलें कीं, येत्या सप्टेंबरांत आपलीं बावन्न मासिकें नव्यानें सुरू होतील आणि त्यांतील प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर ‘अंक १’ असा आंकडा असेल. या बावन्नांत ‘ॲक्शन कॉमिक्स’ होतें. सुपरमॅन १९३८ सालीं जगापुढें आला तो याच मासिकाच्या पहिल्या अंकांत; आणि २०११ च्या ऑगस्टांत त्याचा ९०४ वा अंक निघाला. ज्यांत १९३९ सालीं बॅटमॅन प्रथम दिसला तें ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ ८८१ अंकांपर्यंत आलें होतें. दोहोंचीही मोजणी एका निवेदनानें संपली. केवळ मोजणीच संपली असती तर तो कारकुनी प्रश्न राहिला असता. परंतु तिच्याबरोबर त्या वीरांचे विवाह, त्यांच्या मैत्री, त्यांचीं मुलेंबाळें हींही पुष्कळ अंशीं पुसलीं गेलीं. वीस-तीस वर्षें तीं मासिकें नेमानें वाचीत आलेल्या मंडळींस थोडक्यांत असें सांगण्यांत आलें कीं, तुम्ही वाचलेलें घडलेंच नाहीं.

चित्रकथा हा प्रौढ माणसांनीं गंभीरपणें बोलण्याचा विषय नव्हे, असें मानणारा वर्ग आपल्याकडे मोठा आहे. आणि प्रस्तुत लेखकही बराच काळ त्याच वर्गांत मोडत होता. माझें बालपण इंद्रजाल कॉमिक्सच्या वेताळावर पोसलें गेलें खरें, पण महाविद्यालयांत गेल्यावर ते अंक रद्दींत गेले व मीं त्यांची हळहळही केली नाहीं. पुढें या अमेरिकन वादाकडे माझें लक्ष वळलें तें त्यांतील वीरांमुळें नव्हे, वाचकांमुळें. ज्या भूतकाळाची मालकी कायद्यानें एका कंपनीची आहे, त्यावर तो भूतकाळ मनांत बाळगणाऱ्याचा कांहीं हक्क पोंचतो काय? इतिहासाच्या विद्यार्थ्यानें ज्याच्यापुढें थोडें थबकावें असा हा प्रश्न आहे.

मूळ अडचण काळाची. जेरी सीगल व जो शूस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनीं सुपरमॅनवरील आपला हक्क १९३८ सालीं १३० डॉलरांस विकला. तेव्हांपासून हा गृहस्थ दरमहा नवें साहस करीत आला आहे, पण म्हातारा कांहीं होत नाहीं. उंबेर्तो एको या इटालियन पंडितांनीं १९६२ सालीं सुपरमॅनवर लिहिलेल्या निबंधांत ही गोम बरोबर हेरली होती. मनुष्य प्रत्येक कृतीगणिक थोडा झिजतो, मृत्यूकडे एक पाऊल सरकतो. म्हणून ज्या वीरास झिजूं द्यावयाचें नाहीं, त्याच्या गोष्टींत काल आणि आज यांचा संबंध धूसर ठेवावा लागतो. ली फॉक यांनीं १९३६ सालीं आमचा वेताळ निर्माण करतांना यावर साधा तोडगा काढला होता. वेताळ मरतो, त्याचा मुलगा मुखवटा चढवितो, आणि जंगलास वाटतें कीं हा तोच. आम्हीं वाचला तो एकविसावा. बापामागून मुलगा ही रीत आम्हां मराठी पोरांस कोणी समजावून सांगावी लागली नाहीं. सुपरमॅनच्या मालकांस मात्र हा तोडगा परवडणारा नव्हता.

मग डीसीनें काय केलें, हें पाहण्यासारखें आहे. ‘फ्लॅश’ नांवाच्या वेगवान् वीराचें मासिक १९४९ सालीं बंद पडलें होतें. १९५६ सालीं संपादक ज्यूलियस श्वार्ट्झ यांनीं तेंच नांव घेऊन एक नवाच मनुष्य उभा केला. त्याचें नांव बॅरी ॲलन. गंमत अशी कीं, हा बॅरी आपल्या पहिल्याच कथेंत जुन्या फ्लॅशची चित्रकथा वाचीत बसलेला दिसतो. पांच वर्षांनीं, गार्डनर फॉक्स यांनीं लिहिलेल्या कथेंत, दोघांची भेट झाली. जुना फ्लॅश दुसऱ्या एका पृथ्वीवर सुखरूप नांदत होता! कोणास मारावें लागलें नाहीं, कीं कोणाची आठवण खोटी ठरली नाहीं. आपल्या पुराणिकांस ही युक्ति मुळींच नवी वाटणार नाहीं. दोन कथा जुळेनाशा झाल्या कीं, ही या कल्पांतली आणि ती मागल्या कल्पांतली, असें सांगून तेही पुढें सरकतात. या सुमारास जुने वाचकही जागे झाले होते. महाविद्यालयांत शिकविणारे जेरी बेल्स आणि त्यांचे तरुण मित्र रॉय टॉमस यांनीं १९६१ सालीं ‘ऑल्टर ईगो’ हें घरगुती यंत्रावर काढलेलें पत्र सुरू केलें. श्वार्ट्झ वाचकांचीं पत्रें संपूर्ण पत्त्यांसह छापूं लागले, त्यामुळें गांवोगांवचे एकाकी वाचक एकमेकांस सांपडले. संघटित वाचकवर्ग म्हणून ज्याचा पुढें बोलबाला झाला, त्याचा एक उगम या टपालांत आहे.

पृथ्व्या मात्र वाढतच गेल्या. अखेर १९८५-८६ मध्यें मार्व्ह वुल्फमन व जॉर्ज पेरेझ यांनीं बारा अंकांच्या एका महाकथेंत त्या सगळ्यांची मिळून एकच पृथ्वी केली. तींत बॅरी ॲलन मेला; आणि १९८६ मध्यें जॉन बर्न यांनीं सहा अंकांत सुपरमॅनची कथा जन्मापासून पुन्हां सांगितली. तेव्हांही जुने वाचक रुसले. परंतु तत्पूर्वीं श्वार्ट्झ यांनीं एक उमदेपणा दाखविला होता. जुन्या सुपरमॅनची शेवटची गोष्ट त्यांनीं ॲलन मूर यांच्याकडून लिहवून घेतली व ती कित्येक दशकें सुपरमॅन चितारणाऱ्या कर्ट स्वॉन यांच्या हातून रेखाटून घेतली. घर पाडावयाचें, पण त्याआधीं त्यांतील देव रीतसर हलवावयाचे, असा तो प्रकार होता.

२०११ सालीं देव हलविण्याचें कोणास सुचलें नाहीं. बॅरी ॲलन (हा एव्हांना परत जिवंत झाला होता, चित्रकथेंतल्या मरणाचें फारसें मनावर घेऊं नये) आपल्या आईस वांचविण्यासाठीं भूतकाळांत धांवतो आणि त्या गोंधळांतून नवें जग निपजतें, एवढीच काय ती सबब. कंपनीची बाजू अगदींच लंगडी होती असें नव्हे. अंकांचा खप घसरत होता. आणि नऊशें अंकांची भिंत पाहून नवा वाचक दारांतूनच परत फिरत होता, असें तिचें म्हणणें. ‘जस्टिस लीग’च्या नव्या पहिल्या अंकाच्या दोन लाखांहून अधिक प्रतींना मागणी आली. स्कॉट स्नायडर यांचा बॅटमॅन, जेफ लेमायर यांचा ‘ॲनिमल मॅन’ यांची अनेक जुन्या वाचकांनींही मनापासून वाहवा केली. कित्येक वर्षांमागें वाचन सोडलेले लोक दुकानांत परतले. म्हणजे जुन्या वाचकांचें मत एकमुखी होतें असें समजण्याचें कारण नाहीं. कोणी ९०४ व्या अंकावर थांबले, कोणी नव्यांत रमले, आणि पुष्कळजण दरमहा कुरकुरत विकत घेत राहिले. हा तिसरा वर्ग मला सर्वांत ओळखीचा वाटतो.

माझ्या मतें खरा अप्रामाणिकपणा वेगळाच होता. सर्वांचा भूतकाळ सारखा पुसला गेला नाहीं. बॅटमॅन व ग्रीन लँटर्न यांच्या कथा तेजींत होत्या, म्हणून त्यांचा पूर्वेतिहास बहुतेक तसाच ठेवला. इतरांचा मोडींत काढला. शिवाय या नव्या जगांत वीरांचें युग सुरू होऊन अवघीं पांच वर्षें झालीं आहेत असें ठरविण्यांत आलें. त्यामुळें बॅटमॅननें पांच वर्षांत रॉबिन नांवाचे चार शिष्य तयार केले, त्यांतील एक मरून परतला, आणि चवथा तर त्याचाच सुमारें दहा वर्षांचा मुलगा! कोणत्याही तालमींतल्या वस्तादास लाजविणारा हा वेग आहे. जुने वाचक यावर हंसले. पण या हंसण्यांत राग होता. ज्याचा भूतकाळ खपतो तोच खरा, हा न्याय त्यांस उघड दिसत होता.

याहून गंभीर तक्रार बार्बरा गॉर्डनबद्दल होती. १९६७ पासून बॅटगर्ल म्हणून वावरणारी ही मुलगी १९८८ च्या एका कथेंत गोळी लागून पंगु झाली. ती कथा निर्दयच होती. पण १९८९ पासून जॉन ऑस्ट्रँडर व किम येल या लेखक-दांपत्यानें तिला चाकांच्या खुर्चीवर बसूनच एक नवें जीवन दिलें. ‘ओरॅकल’ या नांवानें ती संगणकाच्या व बुद्धीच्या बळावर सर्व वीरांची मार्गदर्शक झाली. बावीस वर्षें अपंग वाचकांस या जगांत आपली म्हणावी अशी ती होती. २०११ सालीं ती उपचारानें बरी होऊन पुन्हां छपरांवरून उड्या मारूं लागली. नवी कथा गेल सिमोन यांनीं लिहिली. त्यांनींच पूर्वीं ओरॅकलच्या उत्तम कथा लिहिल्या होत्या व नव्याही जाणतेपणें लिहिल्या. बॅटगर्ल परतली म्हणून आनंदलेले वाचक थोडे नव्हते. परंतु जी स्त्री बरी न होतां मोठी झाली होती, तिला बरी करून कंपनीनें काय सुचविलें, हा अपंग वाचकांचा प्रश्न त्या आनंदानें मिटत नव्हता. आणि तो मला आजही बिनतोड वाटतो.

वॉली वेस्टची गत तर याहून विलक्षण. बॅरी मेल्यानंतर फ्लॅशचा वेष चढविणारा हा त्याचा शिष्य वीसएक वर्षें वाचकांच्या डोळ्यांदेखत वाढला. उथळ पोराचा नवरा झाला, जुळ्या मुलांचा बाप झाला. २०११ मध्यें तो नुसता नाहींसा झाला. सुपरमॅनचा लोइस लेनशीं १९९६ सालीं झालेला विवाहही गेला, आणि पुढच्याच वर्षीं त्याचें वंडर वुमनशीं जमविण्यांत आलें.

मे २०१६ मध्यें कंपनीनें माघार घेतली, तीही गोष्टीच्याच रूपानें. जेफ जॉन्स यांनीं लिहिलेल्या विशेषांकांत वॉली काळाच्या बाहेरून हांका मारीत येतो. त्याची बायको त्यास ओळखत नाहीं. कोणीतरी आपणां सर्वांचीं दहा वर्षें चोरलीं आहेत, असें तो सांगतो. जुन्या वाचकांची तक्रार अशी थेट वीराच्या तोंडीं घालण्यांत आली. चोर कोण? तर पुढें असें ठरलें कीं, ॲलन मूर यांच्या ‘वॉचमेन’ या १९८६-८७ च्या कथेंतील एक पात्र! संपादकीय निर्णयाचें खापर कंपनीशीं केव्हांच बिनसलेल्या लेखकाच्या मानसपुत्रावर फोडावें, यांत कोणास संकोच वाटल्याचें दिसत नाहीं. वॉलीचें सुखही टिकलें नाहीं. २०१८-१९ च्या एका मालिकेंत तोच अनेक सहकाऱ्यांच्या मृत्यूस कारण झाल्याचें दाखविलें गेलें, आणि त्यास परत मागणारे वाचक पुन्हां कपाळास हात लावून बसले.

सुपरमॅनच्या बाबतींत मात्र हिशेब नीट फेडला गेला. २०१५ मध्यें डॅन जर्गेन्स यांनीं दाखविलें कीं, जुना, विवाहित सुपरमॅन मेलाच नव्हता. लोइस व लहानग्या मुलासह तो नव्या जगांत नांव बदलून राहत होता. मोडलेल्या संस्थानाच्या राजानें परक्या मुलुखांत दिवस कंठावे, तसें तें चित्र आहे. ‘ॲक्शन कॉमिक्स’चा अंकही २०१६ सालीं ९५७ वर आला. म्हणजे ९०४ मध्यें नव्या मोजणीचे बावन्न अंक मिळवून हिशेब पुढें चालू केला. एप्रिल २०१८ मध्यें हजारावा अंक निघाला आणि त्यांत सुपरमॅनच्या अंगावर ती तांबडी चड्डीही परत आली. ती २०११ मध्यें पोरकट म्हणून काढून टाकली होती. लोकांनीं अगत्यानें मागून घेतलेल्या गोष्टी पहा: एक आंकडा, एक लग्न, एक चड्डी. त्यांतील एकीनेंही कथा अधिक चांगली होत नाहीं. आपण इतकीं वर्षें येथें होतों, याची ती पोंच होती.

या हिशेबांत एक खातें राहून गेलें. २०११ मध्यें पंधराव्या वर्षीं कोणी पहिला अंक घेतला असेल, तर त्याचा सुपरमॅन म्हणजे ग्रँट मॉरिसन यांनीं रंगविलेला, साधा सदरा आणि निळी जीनची विजार घालून श्रीमंत लबाडांच्या मागें लागणारा तरुण. तो मे २०१६ मध्यें मेला. त्यास निरोपाचे कांहीं अंक मिळाले. परत आणा म्हणून हांक घालणारे थोडे होते, कारण जुने वाचक आपला परतला म्हणून आनंदांत होते. २०१७ मध्यें दोघेही एकाच व्यक्तीचे दोन तुकडे होते असें सांगून त्यास जुन्यांत मिसळून टाकलें. त्या मुलानें पांच वर्षें जपून ठेवलेल्या अंकांवर एकपासून बावन्नपर्यंत आंकडे आहेत.