इंग्रजी साहित्यातील पदव्युत्तर शिक्षण : अभ्यासक्रमाची निवड आणि प्रवेशप्रक्रिया

पदवी परीक्षेचा निकाल हाती आल्यावर एम.ए.चा विचार करायचा, ही अनेक घरांतील जुनी रीत आहे. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला ही रीत आता महागात पडू शकते. दिल्ली विद्यापीठ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ यांसारख्या केंद्रीय विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रवेश सामाईक प्रवेश परीक्षेच्या, म्हणजेच सीयूईटी-पीजीच्या गुणांवर होतात. या परीक्षेचे अर्ज साधारणतः डिसेंबर-जानेवारीत मागवले जातात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. पदवीच्या अखेरच्या सत्राची परीक्षा त्या वेळी बहुधा व्हायचीच असते. जूनमध्ये चौकशीला निघालेल्या विद्यार्थ्यासाठी ही दारे तोवर बंद झालेली असतात. दरवर्षी अनेक गुणी विद्यार्थी पात्रता असूनही केवळ माहितीअभावी या संधीला मुकतात.

म्हणूनच निवडीचा आणि तयारीचा प्रारंभ पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रातच होणे इष्ट ठरते.

एकच नाव, वेगवेगळे अभ्यासक्रम

‘एम.ए. इंग्रजी’ हे पदवीचे नाव देशभर सारखेच असले, तरी त्यामागील अभ्यास सर्वत्र सारखा नसतो. भारतात या विषयाला वसाहतकाळाची पार्श्वभूमी आहे. मेकॉलेचे शिक्षणविषयक टिपण १८३५ चे. मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथील विद्यापीठे १८५७ ची. तर खुद्द ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी परीक्षा सुरू करण्याचा निर्णय १८९४ मध्ये झाला. इंग्रजी साहित्य हा अध्यापनाचा विषय म्हणून इंग्लंडआधी भारतात रुजला, ही मांडणी गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ या १९८९ च्या ग्रंथात सविस्तर केली. चॉसरपासून एलियटपर्यंतचा ब्रिटिश साहित्याचा क्रम हाच दीर्घकाळ या अभ्यासाचा कणा राहिला. पुढे अमेरिकन साहित्य, भारतीय इंग्रजी लेखन, वसाहतोत्तर साहित्य, स्त्रीवादी समीक्षा, अनुवादविद्या आणि दलित साहित्य यांची त्यात भर पडली. ही भर कोठे अधिक, कोठे कमी पडली. विभागांचे वेगळेपण त्यातून घडले.

ढोबळमानाने विभागांचे तीन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात साहित्याचा इतिहास आणि अभिजात संहितांचे वाचन केंद्रस्थानी असते. दुसऱ्यात समीक्षा-सिद्धांत, संस्कृती-अभ्यास आणि तौलनिक साहित्य यांवर भर असतो. तिसऱ्यात भाषाविज्ञान, शैलीविज्ञान आणि इंग्रजी भाषेचे अध्यापन यांना महत्त्व मिळते. कनिष्ठ महाविद्यालयात किंवा शाळेत शिकवू इच्छिणाऱ्याला तिसऱ्या प्रकारचा अभ्यास उपयुक्त ठरतो. संशोधनाकडे वळणाऱ्याने पहिल्या दोन्हींचा अंदाज घ्यावा.

काही विभागांची ओळख तर विशिष्ट कार्याशीच जोडलेली आहे. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसू यांनी १९५६ मध्ये देशातील पहिला तौलनिक साहित्य विभाग सुरू केला. याच विद्यापीठात संहिता-संपादनाची भक्कम परंपरा असून, रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्याच्या पाठभेदांचा ‘बिचित्रा’ हा संगणकीय संग्रह २०१३ मध्ये तेथूनच सिद्ध झाला. हैदराबादची इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ ही संस्था १९५८ मध्ये इंग्रजीच्या अध्यापनासाठी स्थापन झाली. संसदेच्या २००६ च्या कायद्याने तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. लखनौ आणि शिलाँग येथेही तिची संकुले आहेत. भाषाविज्ञान आणि भाषाध्यापन ही तिची जुनी बलस्थाने होत.

विभाग कसा पारखावा

विद्यापीठाचे नाव आणि क्रमवारी यांवरून विभागाचा पुरता अंदाज येत नाही. त्यासाठी चार गोष्टी तपासून पाहाव्यात.

पहिली गोष्ट अभ्यासक्रमाची. बहुतेक विद्यापीठे तो संकेतस्थळावर देतात. त्यातील विषयांची नावे वाचून थांबू नये. प्रत्यक्ष नेमलेल्या साहित्यकृती पाहाव्यात. ऐच्छिक विषय किती आहेत, प्रबंधिका लिहावी लागते की नाही आणि मूल्यमापनात लेखनाला किती वाव आहे, हेही पाहावे. यादीत दिलेला ऐच्छिक विषय प्रत्यक्ष शिकवला जातोच असे नाही. त्याची खातरजमा विभागात शिकत असलेल्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी.

दुसरी गोष्ट अध्यापकांची. विभागात कायमस्वरूपी अध्यापक किती आणि त्यांचे अभ्यासविषय कोणते, हे कळले म्हणजे पुढील दोन वर्षांचे चित्र बरेचसे स्पष्ट होते. तिसरी गोष्ट संशोधनाची. भारतीय विद्यापीठांतील पीएचडी प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात विनामूल्य पाहावयास मिळतात. एखाद्या विभागातून गेल्या पाच-सात वर्षांत कोणत्या विषयांवर प्रबंध सादर झाले, हे तेथे अर्ध्या तासात कळते. चौथी गोष्ट ग्रंथालयाची आणि वसतिगृहाची. परगावी राहण्याचा खर्च शैक्षणिक शुल्काहून अधिक होतो, असा अनेकांचा अनुभव असतो. वसतिगृह मिळण्याची शक्यता म्हणूनच आधी विचारून घ्यावी.

प्रवेशाचे मार्ग

सीयूईटी-पीजी ही परीक्षा २०२२ मध्ये सुरू झाली. राष्ट्रीय परीक्षा संस्था ती संगणकावर घेते. २०२५ मध्ये प्रत्येक प्रश्नपत्रिकेत ७५ बहुपर्यायी प्रश्न, ३०० गुण आणि ९० मिनिटे असे स्वरूप होते. अचूक उत्तरास चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. पदवीच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थीही परीक्षेस बसू शकतात.

येथे एक बाब नीट लक्षात घेणे आवश्यक आहे. परीक्षा दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असे होत नाही. निकालानंतर प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि तिची मुदतही वेगळी असते. उत्तम गुण मिळवूनही ही दुसरी पायरी चुकल्यास जागा मिळत नाही.

राज्य विद्यापीठांचे वेळापत्रक निराळे असते. मुंबई विद्यापीठ, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ किंवा जादवपूर विद्यापीठ यांच्या प्रवेशाच्या सूचना त्या त्या संस्थेकडूनच निघतात. केंद्रीय विद्यापीठासाठी परीक्षा देणाऱ्यानेही किमान एका राज्य विद्यापीठाचा अर्ज भरून ठेवावा.

नोकरी सांभाळून किंवा घरच्या जबाबदाऱ्यांसह शिकणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा एम.ए. इंग्रजी हा अभ्यासक्रम आहे. तो किमान दोन आणि कमाल चार वर्षांत पूर्ण करता येतो. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर शिक्षणाचा कालावधीही बदलत आहे. तीन वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी एम.ए. दोन वर्षांचे, तर चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी ते एका वर्षाचे असू शकते. सर्वच विद्यापीठांत एक वर्षाची सोय असेल असे गृहीत न धरता अर्जापूर्वी विचारणा करावी.

प्रमाणपत्रांची तयारी

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची सर्वाधिक अडचण कागदपत्रांपाशी होते. राज्यातील आरक्षणाचे प्रवर्ग आणि केंद्रीय संस्थांमधील प्रवर्ग एकसारखे नाहीत. केंद्रीय विद्यापीठांत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के, अनुसूचित जमातींसाठी साडेसात टक्के, इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्के आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा राखीव असतात. विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्ग असे स्वतंत्र प्रवर्ग तेथे नाहीत. आपल्या जातीची नोंद केंद्रीय सूचीत आहे का आणि असल्यास कोणत्या प्रवर्गात, हे त्या विद्यार्थ्याने तपासले पाहिजे. महाराष्ट्राच्या २०२४ च्या कायद्यान्वये मिळणारे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गाचे प्रमाणपत्रही केंद्रीय प्रवेशात आरक्षणासाठी चालत नाही. असे उमेदवार, अटी पूर्ण होत असल्यास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र मिळवू शकतात.

इतर मागासवर्गीयांचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या नमुन्यातच लागते आणि ते चालू आर्थिक वर्षातील असावे लागते. राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र ऐनवेळी नाकारले गेल्यास ते बदलून आणण्यास तहसील कार्यालयात दिवस जातात, आणि प्रवेशाची मुदत मात्र थांबत नाही. म्हणून परीक्षेचा अर्ज भरतानाच या कामाला लागावे.

मराठी माध्यमाचा प्रश्न

शालेय शिक्षण मराठीतून झालेल्या अनेक विद्यार्थ्यांना हा विषय आपल्यासाठी नाही असे वाटते. मराठी साहित्याचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. विंदा करंदीकर हे इंग्रजीचे प्राध्यापक होते. ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र, गटेच्या ‘फाउस्ट’चा पहिला भाग आणि शेक्सपिअरचा ‘राजा लिअर’ त्यांनी मराठीत आणला. भालचंद्र नेमाडे यांनीही दीर्घकाळ इंग्रजीचे अध्यापन केले. दोघांनाही ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तो मराठी लेखनासाठी. दोन भाषांत सहज वावरणे ही अनुवादविद्या आणि तौलनिक साहित्य यांतील मोठी शिदोरी ठरते.

उणीव असते ती बहुधा लेखनाच्या सरावाची. तयार उत्तरे पाठ करून पदवी मिळवलेल्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर वर्गात स्वतःचे मत मांडताना जड जाते. अखेरच्या वर्षात दर आठवड्याला एक कविता किंवा कथा घेऊन तिच्यावर इंग्रजीत दोन पाने लिहावीत आणि ती शिक्षकांना दाखवावीत. प्रवेश परीक्षेसाठी साहित्याचा कालक्रम, छंद-अलंकारांच्या संज्ञा आणि प्रमुख समीक्षक यांची उजळणी लागतेच. लेखनाची सवय मात्र पुढील दोन वर्षे पुरते.

पदवीनंतर काय

अध्यापन हे या पदवीनंतरचे पारंपरिक क्षेत्र. सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अर्हता असून जुलै २०२३ पासून पीएचडी ऐच्छिक झाली आहे. नेटसाठी एम.ए.ला सर्वसाधारण प्रवर्गात ५५ टक्के, तर राखीव प्रवर्गांत ५० टक्के गुण आवश्यक असतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेते. एम.फिल. ही पदवी २०२२ च्या नियमांनुसार बंद झाली आहे. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठीही ग्राह्य धरले जातात. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असणाऱ्यांना थेट पीएचडीसाठीही अर्ज करता येतो.

मात्र नेट उत्तीर्ण होणे म्हणजे नोकरी नव्हे. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या पात्रताधारकांची संख्या मोठी आहे. प्रकाशन, अनुवाद, पत्रकारिता, बी.एड. करून शालेय अध्यापन किंवा स्पर्धा परीक्षा यांपैकी एखादा मार्ग आरंभापासून डोळ्यांसमोर असावा आणि ऐच्छिक विषयांची निवडही त्याला अनुसरून व्हावी.

परदेशी शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी दोन पद्धतींमधील भेद जाणून घ्यावा. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पदवी बहुधा एका वर्षाची असते. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला प्रवेश मिळू शकतो आणि अनेक विद्यापीठे त्यासोबत शुल्कमाफी व विद्यावेतन देतात, स्वतंत्र एम.ए.चा खर्च मात्र बहुधा स्वतःलाच करावा लागतो. तेथील अर्जात उद्देशपत्र, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि स्वतःच्या समीक्षालेखनाचा नमुना यांना निर्णायक महत्त्व असते. साहित्य विषयाची जीआरई परीक्षा २०२१ मध्ये बंद झाली.

थोडक्यात वेळापत्रक असे : जुलै ते ऑक्टोबर या काळात विभागांची पाहणी आणि लेखनाचा सराव, नोव्हेंबरमध्ये प्रमाणपत्रांची तजवीज, डिसेंबर-जानेवारीत सामाईक परीक्षेचा अर्ज, मार्चच्या सुमारास परीक्षा आणि त्यानंतर विद्यापीठनिहाय नोंदणी. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून अंतिम माहिती राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या आणि संबंधित विद्यापीठाच्या अधिकृत सूचनेतूनच घ्यावी.