बॉनेटवरील लांछने

'लांछन' या शब्दाचा मराठीतील प्रवास विलक्षण आहे. संस्कृतात त्याचा अर्थ खूण, चिन्ह, ओळख पटविणारी मुद्रा. जैन शिल्पांत एकाच आसनात, एकाच मुद्रेत बसलेले तीर्थंकर आपण त्यांच्या पीठावरील लांछनांवरून ओळखतो: बैल दिसला की ऋषभनाथ, सिंह दिसला की महावीर. मराठीत मात्र ओळखीची ही खूण डाग बनली आणि माणसे 'कुळाला लांछन' लावू लागली. जुन्या मोटारींवरील चिन्हे गोळा करून मांडण्याच्या छंदाचा विचार करताना शब्दाचे हे दोन्ही अर्थ आम्हांला हाताशी हवेत. कारण मोटारीवर असताना जे चिन्ह ओळख असते, तेच मोटारीपासून तोडून काचेच्या कपाटात ठेवले की तिच्या अंगावरच्या दोन रिकाम्या भोकांचीही साक्ष देऊ लागते.

वाहनाला चिन्ह लावण्याची प्रथा मोटारीने आणलेली नाही. विराटपर्वात अर्जुन बावरलेल्या उत्तराला समोरचे कौरववीर दाखवितो, तो त्यांच्या ध्वजांवरून: द्रोणाचार्यांचा कमंडलू, कर्णाची गजकक्षा, म्हणजे हत्तीला बांधण्याचा दोर. द्रोणपर्वात तर अशा ध्वजांचे वर्णन विस्ताराने आले आहे. अर्जुन स्वतः कपिध्वज. त्याचे नावच रथावरच्या चिन्हातून झाले. धुळीने भरलेल्या रणभूमीवर चेहरा दिसण्याआधी ध्वज दिसतो, आणि ध्वज दिसला की माणूस कळतो. रथचिन्हाचे हे मूळ कार्य होय. मोटारीच्या बाबतीत त्यात एक मोठा फरक पडला. रथाचा ध्वज रथात बसणाऱ्याचा होता. मोटारीचे चिन्ह मोटार घडविणाऱ्याचे झाले.

या चिन्हाची जागा मुळात एका यांत्रिक गरजेने ठरविली. आरंभीच्या मोटारींत इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी, म्हणजे रेडिएटर, अगदी पुढे उभा असे आणि त्याचे झाकण बाहेरच, चालकाच्या नजरेसमोर असे. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत बॉइस मोटोमीटर नावाचा तापमापक या झाकणावर बसविला जाऊ लागला; पाणी उकळू लागले की चालकाला तो बसल्या जागेवरून दिसे. झाकण नजरेत आले, तशी त्यावर मूर्तीही आली. रोल्स-रॉइसची पंखांसारखा पदर उडविणारी, पुढे झुकलेली स्त्री शिल्पकार चार्ल्स साइक्स याने १९११ मध्ये घडविली. फ्रान्समध्ये रने लालिक याने १९२५ मध्ये सित्रोएन कंपनीसाठी काचेचे पाच घोडे घडविले आणि पुढे अशा काचमूर्तींची मालिकाच काढली. पुढे तापमापक आतल्या फलकावर गेला, रेडिएटर बॉनेटखाली झाकला गेला आणि झाकणाची गरज संपली. मूर्ती मात्र आपल्या जागी राहिली. कारण नाहीसे झाल्यावरही रूप टिकून राहते, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवे नाही. आपल्या किती वृत्तांचे आणि अलंकारांचे तसेच झाले आहे.

रोल्स-रॉइसच्या त्या मूर्तीची कहाणी आपल्या किनाऱ्याच्या रोखाने येते. साइक्सने आधी लॉर्ड माँटेग्यू यांच्या खाजगी मोटारीसाठी ओठांवर बोट ठेवलेली एक मूर्ती केली होती. तिच्यामागची स्त्री म्हणजे माँटेग्यूंची सचिव एलिनॉर थॉर्नटन. नंतरच्या सुप्रसिद्ध मूर्तीमागेही तीच होती असे मानले जाते. पहिल्या महायुद्धात माँटेग्यू हिंदुस्थानात लष्करी मोटारवाहतुकीच्या कामासाठी निघाले, तेव्हा ती त्यांच्याबरोबर होती. लंडनहून मुंबईला येणारी त्यांची 'पर्शिया' ही आगबोट ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने बुडविली. माँटेग्यू वाचले, एलिनॉर बुडाली. पुढे संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस मुंबई बंदरात उतरल्या, त्यांच्या बॉनेटवरून जी स्त्री या भूमीवर आली, ती स्वतः येथे कधीच पोहोचली नव्हती. ही हकीकत ठाऊक नसेल तर कपाटातील मूर्ती ही धातूचा एक सुबक तुकडा असते.

निर्मात्याच्या चिन्हाबरोबर मोटारीवर आणखी एक प्रकारची चिन्हे आली, ती सभासदत्वाची. इंग्लंडमध्ये १९०५ साली स्थापन झालेल्या ऑटोमोबाइल असोसिएशनचा बिल्ला लावलेली मोटार दिसली की संस्थेचा गस्तीवाला सलाम करी. पुढे पोलीस वेग मोजत दबा धरून बसले असतील, तर तो सलाम करीत नसे. सूचना दिली म्हणून त्याच्यावर खटला भरता येई, सलाम केला नाही म्हणून भरता येत नसे! मुंबईत १९१९ मध्ये वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली. असे बिल्ले बहुधा पितळी, वर मीनाकाम केलेले आणि पुढच्या दांडीवर ओळीने लावलेले असत. जुन्या सरदार घराण्यांच्या बिरुदावलीशी त्यांचे नाते स्पष्ट आहे.

आता मुंबईकडे वळू. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. पण देशी भांडवलावर मोटार बनविण्याचा ध्यास घेतला तो वालचंद हिराचंद यांनी. १९४४ मध्ये त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या, मग इटलीच्या फियाट कंपनीच्या बनावटीच्या गाड्या बाहेर पडल्या. फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. नाव जायसीच्या 'पद्मावत'मधील चितोडच्या राणीचे. कामशास्त्राच्या ग्रंथांतील नायिकाभेदात पहिले स्थानही पद्मिनीचेच. इटालियन बनावटीच्या पत्र्यावर अवधी काव्यातील नायिकेचे नाव धातूच्या अक्षरांत बसले, हा आपल्या औद्योगिक इतिहासातील एक छोटासा भाषांतरप्रयोगच म्हटला पाहिजे.

तो यशस्वी झाला काय? चिन्ह बदलले, पण जीभ बदलली नाही. मुंबईचा टॅक्सीवाला आणि उतारू पुढेही दीर्घकाळ तिला 'फियाट'च म्हणत राहिले. बॉनेटवरील लिखित नाव एक आणि बोलीतील नाव दुसरे, असे हे द्वैत होते. २००० च्या सुमारास उत्पादन थांबले आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वयोमर्यादा संपलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. गाड्या भंगारात गेल्या की पत्रा वितळतो. उरतात ती अक्षरे. ती मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात येतात आणि संग्राहकाच्या हाती पडतात.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. हा संग्राहक वाचविणारा की तोडणारा? पोथीच्या शेवटी लेखनिक पुष्पिका लिहितो: कोणी लिहिली, कोठे, कोणत्या शकात. पोथी वाळवीने खाल्ली आणि पुष्पिकेचे पान तेवढे उरले, तर ते जपणे हे पुण्यकर्म. पण धड पोथीतून चांगले चित्र किंवा शेवटचे पान फाडून विकणे हा गुन्हा. आणि फाडलेले पान विकत घेणारा त्यातला भागीदार. मोटारीचे चिन्ह ही तिची पुष्पिकाच आहे. बाजारातल्या चिन्हांत भंगारातून आलेली असतात, तशी उभ्या गाड्यांवरून उपटलेलीही असतात, आणि मखमलीवर मांडली की दोन्ही सारखीच चमकतात. त्यांच्यातील भेद फक्त नोंद सांगू शकते: कोणत्या गाडीचे, कोठून, कधी, कोणाकडून मिळाले. ही नोंद नसलेला संग्रह कितीही मोठा असो, तो इतिहासाच्या उपयोगाचा नाही.

मराठीत संग्राहकवृत्तीचा आदर्श शोधायचा, तर तो दिनकर गंगाधर केळकरांचा. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी अडकित्ते, दिवे, दौती, दारांच्या चौकटी अशा रोजच्या वस्तू वेचल्या, अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो शासनाच्या स्वाधीन केला. त्यांच्या दृष्टीचे मर्म असे की वस्तू मौल्यवान म्हणून नव्हे, वापरलेली म्हणून जपावी. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची जुनी मायबाख मोटार आजही मिरवणुकीत येते. तिचे चिन्ह तिच्यावरच आहे आणि मोटार आपल्या कामावर आहे; जपणुकीचा याहून चांगला प्रकार नाही.

हे सारे आंजर्ल्याच्या संदर्भात लिहिण्याचे कारण आहे. दापोली तालुक्यातील हे गाव जोग नदीच्या मुखाशी वसलेले. येथे आधी होडी आणि तर, मोटार त्यांच्या मागून आली. अशा गावात वाहनाची ओळख बॉनेटवरून ठरली नाही. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. पुढे तिचे जाळे कोकणात पसरले. तिचा सांगाडा लेलँडचा की टाटांचा, हे उतारूंनी कधी पाहिले नाही. त्यांनी पाहिली ती काचेमागची पाटी. गाडी कोणी घडविली यापेक्षा ती कोठे जाणार हे महत्त्वाचे, आणि नाव सगळ्यांना एकच: एस्टी. शेजारच्या हर्णै बंदरातील होड्यांच्या नाळेवर रंगविलेली नावे पाहिली, तर तेथे पुन्हा रथध्वजाचा न्याय दिसतो. नाव घडविणाऱ्या सुताराचे नसते, घरच्या देवाचे किंवा माणसाचे असते.

आंजर्ल्याला लागून असलेले मुर्डी हे श्री. ना. पेंडसे यांचे गाव. या परिसरातील माणसे कादंबरीत आणणाऱ्या या लेखकाची नोकरी मुंबईच्या बेस्ट उपक्रमात झाली आणि त्या उपक्रमाचा इतिहासही त्यांनीच लिहिला. ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम, ७ मे १९०७ ला विजेची, १५ जुलै १९२६ ला पहिली बस आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम, असा हा पट आहे. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या त्यांच्या कादंबरीचे नाव 'रथचक्र' असावे, हा योगायोग असेल. पण किनाऱ्यावरच्या गावातून मुंबईच्या चाकांकडे गेलेल्या हजारो माणसांची वाट त्या नावात आम्हांला दिसते. आणिक आगारातील बेस्टच्या संग्रहालयात मांडलेल्या जुन्या खुणा त्या माणसांच्याही आहेत.

म्हणून अशा चिन्हांची मांडणी आंजर्ल्यासारख्या गावातील शाळेत किंवा वाचनालयात करावयाची झाली, तर ती कशी असावी? पहिली अडचण हवेची. खारा वारा धातूला सोडत नाही. आरंभीची पितळी चिन्हे काळवंडतात, पण टिकतात. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रोमचा मुलामा आला. त्याला बारीक छिद्र पडले की खार आत शिरतो. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या चिन्हांवर तर मुलाम्याखालून फोड येतात आणि पांढरी भुकटी सुटते. घरातील समई चिंचेने घासण्याची आपली सवय येथे घातक आहे. आंबटाने मीन्याची झळाळी जाते आणि झिजलेला मुलामा निघून येतो. मऊ कोरडे फडके, बंद पेटी आणि ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी, एवढे पुरे.

दुसरी अडचण मांडणीच्या अर्थाची. नुसती परदेशी चिन्हे रांगेने लावली, तर पाहणारा मूल्य विचारील आणि निघून जाईल. त्यांच्याशेजारी एस्टीची एखादी जुनी लाकडी पाटी, मोडीत निघालेल्या होडीची नाव रंगविलेली फळी आणि पद्मिनीची धातूची अक्षरे ठेवावीत. प्रत्येकाखाली ती कोठून आली हे दोन ओळींत लिहावे. मग शाळेतील मूलही विचारील की एका वाहनावर मालकाचे नाव, दुसऱ्यावर कारखान्याचे आणि तिसऱ्यावर गावाचे का? हा प्रश्न पडला की संग्रहाचे काम झाले.

कड्यावरच्या गणपतीच्या वाटेवर देवाचे पाऊल म्हणून एक खूण दाखवितात. समुद्रकाठचे मूळ स्थान सोडून देव टेकडीवर चढला, तेव्हाचे हे पाऊल, अशी गावाची श्रद्धा आहे. देव वर आहे, पाऊल वाटेवर आहे, आणि ते उचलून देवळात नेऊन ठेवावे असे कोणाला वाटलेले नाही. कारण तेथून हलविले तर तो नुसता दगड उरेल. चिन्हे जमविणाऱ्या प्रत्येकाने एकदा ती वाट चढून यावे.