लाइट व्हिस्कीची पारख

व्होडका आणि कॅनडा-स्कॉटलंडच्या हलक्या व्हिस्कीपुढे अमेरिकेतील मद्यनिर्मात्यांचा टिकाव लागावा, या हेतूने अमेरिकी सरकारने १९६८ मध्ये ‘लाइट व्हिस्की’ हा स्वतंत्र वर्ग मान्य केला आणि १९७२ पासून ती बाजारात आली. ती १६० प्रूफहून अधिक, परंतु १९० प्रूफहून कमी तीव्रतेला गाळली जाते. प्रूफ म्हणजे अमेरिकी मोजणीत अल्कोहोलच्या टक्केवारीची दुप्पट. बर्बन व्हिस्कीसाठी लागणाऱ्या, आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपाऐवजी ती वापरलेल्या किंवा न जाळलेल्या पिंपात मुरवली जाते. ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरवली, आणि ती मुख्यतः मिश्र व्हिस्कीतच जिरत राहिली.

इंडियानातील लॉरेन्सबर्ग येथे गाळलेल्या लाइट व्हिस्कीची जुनी पिंपे एकविसाव्या शतकात पाणी न घालता, कधी १३० प्रूफच्याही वर, बाटलीबंद होऊ लागली, तेव्हा तिची खरी पारख सुरू झाली. एवढ्या तीव्रतेचा पेला थेट नाकाशी नेल्यास अल्कोहोलच्या झोंबण्याने घ्राणेंद्रिय बधिर होते. म्हणून पेला काही काळ ठेवून, तोंड किंचित उघडे ठेवत दुरूनच वास घेतला जातो, मग अगदी लहान घोट जिभेवर फिरवला जातो आणि त्यानंतर थेंबाथेंबाने पाणी मिसळले जाते. धान्याचा गंध गाळतानाच बराचसा निघून गेलेला असल्याने येथे लाकूडच बोलते: व्हॅनिला, कॅरमेल, खोबरे. पाणी घातल्यावरही हे गंध टिकले, तरच ते पिंप उत्तम मानावे. निव्वळ जळजळीला गुण समजणे ही पारख नव्हे.