आठ बैली नांगर, पस्तीस एचपीचा ट्रॅक्टर आणि माझा चुकलेला हिशोब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. आजचा विषय इतिहासाचा आहे, पण त्याची सुरुवात माझ्या एका चुकीपासून होते. ती आधी कबूल करतो.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात. रान काळं, भारी. घरी १९८० च्या दशकातला ३५ एचपीचा ट्रॅक्टर, जो माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. मागच्या उन्हाळ्यात तात्यांचा, म्हणजे माझ्या काकांचा फोन आला. "अरे, तीन फाळी नांगर जुन्यात मिळतोय. आपला ट्रॅक्टर ओढंल का? तू इंजिनियर हायेस, सांग."

बीटेक झालेला पुतण्या, त्यामुळे छाती फुगली. लॅपटॉप उघडला. फाळाची रुंदी ३० सेंमी, खोली २० सेंमी, फाळ तीन. म्हणजे १८०० चौरस सेंमी माती एका वेळी कापायची. भारी जमिनीचा विरोध दर चौरस सेंमीला ढोबळ ०.८ किलो धरला, तर ओढ झाली १४४० किलो. ताशी ३ किमी वेग. ओढ गुणिले वेग भागिले २७०, हे अश्वशक्ती काढायचं सूत्र. उत्तर आलं १६ एचपी. इंजिन ३५ चं, जुनं म्हणून निम्मंच धरलं तरी साडेसतरा. "घ्या तात्या, बिनधास्त!"

नांगर रानात लागला आणि वीस पावलांवर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. इंजिन दमलं नव्हतं, चाकंच पकडत नव्हती. दोन दिवस रेटून बघितलं, तेव्हा क्लच प्लेट गेली. शेवटी शेजाऱ्याचा मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणून नांगरट उरकली आणि नांगर तोट्यात विकला. तात्या मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

मग चुकलं कुठे? ते शोधताना मी शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेलो.

आधी आपल्याकडचंच बघू. जुनी माणसं नांगर कसा सांगायची? चार बैली, सहा बैली, आठ बैली. लांबी-रुंदीवरून नाही, ओढीवरून! कारखान्यात लावायचं लेबल आपल्या भाषेतच होतं. बैल दिवसभर काम करताना त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाएवढा जोर सतत लावू शकतो. ४०० किलोचा बैल धरा, तर ४० किलो. आठ बैल म्हणजे ३२० किलो. आता माझंच सूत्र उलटं लावा: २० सेंमी रुंद, २० सेंमी खोल तास, ०.८ चा विरोध, म्हणजे ३२० किलो. हिशोब ढोबळ आहे, पण जुळतो. पणजोबांकडे कॅल्क्युलेटर नव्हता. कुठल्या रानात किती जोड्या जुंपायच्या, हे त्यांना बैलांनीच शिकवलं होतं.

मग लोखंडी नांगर आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. सुरुवातीला घ्यायला कोणी तयार नव्हतं. लोखंडाने जमीन नासेल अशी भीती लोकांना वाटायची, असं सांगतात. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी फाळ माती कापतो आणि पलटी करतो, पण ओढ काही जादूने नाहीशी होत नाही. ओढणारा आणि ओढलं जाणारं यांचा मेळ घालावाच लागतो.

आता चला अमेरिकेत. १९१० च्या दशकात तिकडे ट्रॅक्टर कंपन्यांचं पेव फुटलं होतं. जाहिरातीत वाटेल ते आकडे. नेब्रास्का राज्यातले विल्मॉट क्रोझियर हे शेतकरी असे ट्रॅक्टर घेऊन पस्तावले. पण ते राज्याच्या विधिमंडळातही होते, त्यामुळे नुसते शिव्या देऊन थांबले नाहीत. १९१९ मध्ये तिथे कायदा झाला: ट्रॅक्टरची चाचणी झाल्याशिवाय तो मॉडेल राज्यात विकायचा नाही. १९२० मध्ये पहिली चाचणी पूर्ण झाली, वॉटर्लू बॉय नावाच्या ट्रॅक्टरची.

त्या काळी ट्रॅक्टरवर दोन आकडे असायचे. वॉटर्लू बॉयचे होते १२-२५. पंचवीस म्हणजे पट्टा लावून मळणीयंत्र फिरवताना मिळणारी ताकद. बारा म्हणजे मागे औजार जोडून ओढताना मिळणारी ताकद, ज्याला ड्रॉबारची ताकद म्हणतात. बघा, निम्म्याहून कमी! बाकीची गिअरमध्ये, चाकं घसरण्यात आणि मातीत चाक रुतण्यात जाते. आज आपल्या बॉनेटवर एकच आकडा असतो, इंजिनचा. दुसरा आकडा गेला आणि आपण विसरलो की तो असतो. आपल्याकडे मध्य प्रदेशात बुदनीला सरकारी संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते, आणि तिच्या अहवालात ड्रॉबारचे आकडे असतात. पण ट्रॅक्टर घेताना तो अहवाल मागतो कोण?

पण थांबा. मी तर निम्मी ताकद धरली होती. तरी फसलो. का?

याचं उत्तर हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाच्या गोष्टीत आहे. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई होती, आणि आयर्लंडमध्ये ट्रॅक्टरची कामं नीट व्हावीत म्हणून त्याला नेमलं होतं. त्याच काळात, १९१७ मध्ये, हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर आला. स्वस्त आणि हलका. मागे साखळीने ओढावा तसा नांगर. नांगर दगडाला अडकला की पुढची चाकं उचलली जायची आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यावरच उलटा पडायचा. माणसं मेली त्यात. फर्ग्युसनच्या लक्षात आलं की ट्रॅक्टर आणि नांगर या दोन वेगळ्या वस्तू समजणं हीच चूक आहे.

त्याने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरलाच जोडला. आज प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे दिसतात त्या खालच्या दोन आणि वरची एक, त्याच. १९२६ मध्ये त्याने हायड्रॉलिकवर नांगराची ओढ सांभाळणाऱ्या पद्धतीचं पेटंट घेतलं. १९३९ मध्ये फोर्डबरोबर ही पद्धत असलेला ९-एन ट्रॅक्टर बाजारात आला, जो फोर्डसनपेक्षा थोडा हलकाच होता. गंमत अशी की मातीत चालणाऱ्या नांगराचा भार या जोडणीतून मागच्या चाकांवर येतो. चाकावर वजन आलं की पकड येते. वरची दांडी पुढे रेटते, म्हणून पुढची चाकंही जमिनीवर राहतात.

हे वाचलं आणि माझी चूक उघडी पडली. मी फक्त ताकद मोजली होती, पकड नाही. गिअर खाली टाकला की वेग कमी होतो आणि ओढ वाढते, हे खरं. पण ती ओढ जमिनीपर्यंत पोचवणार चाक, आणि चाक तेवढंच ओढणार जेवढं ते जमिनीवर दाबलं जातं. कोरड्या, घट्ट रानात ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या साधारण निम्मी ओढ देतो असं धरा. आमचा ट्रॅक्टर सुमारे १९०० किलोचा, म्हणजे ९५० किलो. मी मागत होतो १४४०! वर टायर झिजलेले. इंजिन ५० एचपीचं बसवलं असतं, तरी चाकं तशीच फिरली असती.

१९४७ मध्ये आपल्या केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन काढली. मध्य भारतातली कांस गवताने खाल्लेली जमीन मोडायची होती. त्यांनी काय वापरलं? अमेरिकन लष्कराचे उरलेले ट्रॅक्टर, आणि पुढे १९४९ मध्ये या कामासाठी जागतिक बँकेचं एक कोटी डॉलरचं कर्जही घेतलं. खोल मुळं उपटायला साखळीपट्ट्यांचे जड क्रॉलर लागले. तिथेही कळीची गोष्ट तीच होती, वजन आणि पकड.

यंदा उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा वही घेऊनच बसलो. घरचा जुना दोन फाळी नांगर बाहेर काढला. २० सेंमी खोलीला ओढ ९६० किलो, म्हणजे अगदी काठावर. म्हणून खोली १८ वर आणली: ८६० च्या आसपास. मागच्या चाकांना वजनं लावली, टायरमध्ये पाणी भरलं. रान दगडासारखं वाळायच्या आधीच नांगरट धरली.

आजोबा बांधावर खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "बैल दमला की उभा ऱ्हायचा, मग आमी खोली कमी करायचो. ह्यो उभा ऱ्हात नाय, नुसता धूर सोडतो."

तात्यांनी पहिलं तास ओढलं, खाली उतरले आणि चाकाच्या खुणा बघितल्या. टायरच्या गुट्ट्यांचे ठसे मातीत स्वच्छ उमटले होते, घसरल्याची रेघ नव्हती. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "आता पुढचा हिशोब पण तूच कर."

तर मंडळी, तुमच्या घरी जुना ट्रॅक्टर असेल, तर औजार घ्यायच्या आधी तीन गोष्टी लिहून काढा: ट्रॅक्टरचं वजन, फाळाची रुंदी गुणिले खोली, आणि रान हलकं की भारी. एचपी त्यानंतर बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपल्या रानात किती बैली नांगर चालायचा तेही विचारा, आणि उत्तर आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत, राम राम!