ग्रामीण घराविषयीच्या बदलत्या अपेक्षा : विलेपार्ल्याच्या अनुषंगाने एक टिपण

ग्रामीण भागात घर घेणारा ग्राहक कोणत्या सोयी मागतो, हा विषय सामान्यतः बांधकाम व्यवसायाचा समजला जातो. वस्तुतः तो सामाजिक इतिहासाचाही आहे. असा ग्राहक पुष्कळदा खेड्यातला नसतोच. शहरातील घरात जे उणे असते ते मिळविण्यासाठी तो खेड्याकडे वळतो. त्यामुळे शहरातील राहणी पालटली की खेड्यातील घराविषयीची मागणीही पालटते. प्रस्तुत लेखात विलेपार्ल्याच्या आधारे हा संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

साष्टी बेटावरील पार्ले हे मूळचे भातशेतीचे आणि वाड्यांचे गाव. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ पसरली आणि दाटीवाटीच्या वस्तीतील राहणे हाच रोगाचा आश्रय मानला जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी पार्ल्याला रेल्वे स्थानक मिळाले. १९१५ च्या नगररचना कायद्यानंतर येथे नगररचना योजना आखल्या गेल्या. शेतांचे तुकडे सलग आखीव भूखंड बनले. 'फायनल प्लॉट' हा शब्द पार्ल्याच्या दस्तऐवजांत आजही आढळतो, तो याच योजनांमुळे.

गिरगावच्या चाळीतून येणाऱ्या मध्यमवर्गीयाला येथे काय हवे होते? चाळीत सामाईक नळ व सामाईक शौचकूप होते, म्हणून स्वतःची विहीर हवी होती. खोलीत हवा नव्हती, म्हणून पुढे ओसरी आणि मागे परसू हवे होते. शौचकूप मात्र कुंपणाच्या कडेला, घरापासून दूरच असावे, ही सोवळ्याओवळ्याची जुनी धारणा कायम होती. रूप खेड्याचे असले तरी या घराचा निर्वाह फोर्टातील पगारावर होता. शेतापेक्षा स्थानकापासूनचे अंतर अधिक महत्त्वाचे होते. पुढे १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय व १९२३ साली लोकमान्य सेवा संघ स्थापन झाले आणि मुलांचे शिक्षण व सार्वजनिक जीवन हीदेखील पार्ल्यात राहण्याची कारणे झाली.

१९२८ साली चर्चगेट-बोरीवली मार्गावर विजेवरील गाड्या धावू लागल्या. १९५० साली पार्ले बृहन्मुंबईत समाविष्ट झाले. विहिरीची जागा नळाने घेतली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठल्यामुळे खालचा मजला भाड्याने दिलेल्या बंगल्याचे उत्पन्न दुरुस्तीलाही अपुरे पडू लागले. एकत्र कुटुंबे विभक्त झाली. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने सदनिका-खरेदीला कायदेशीर चौकट दिली आणि 'सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक' हे नवे स्वप्न ठरले. जुन्या बंगल्यांविषयीच्या हळव्या लेखनात एक गोष्ट सहसा सुटते : परसू झाडणे, पाणी शेंदणे आणि सोवळ्याचा स्वयंपाक सांभाळणे हे श्रम स्त्रियांचे होते. नोकरी करणाऱ्या पार्लेकर स्त्रीला ओटा, नळ व घरातच न्हाणीघर असलेला ब्लॉक आवडला असल्यास त्यात अरसिकता कसली?

त्याच ब्लॉकच्या जागी आज पुनर्विकासाच्या इमारती उभ्या राहत आहेत. विमानतळाच्या सान्निध्यामुळे त्यांच्या उंचीवर मर्यादा आहे, एवढेच. आणि आता पार्लेकर पुन्हा खेड्यात घर शोधतो : कर्जत, नेरळ, पालघर किंवा कोकणात. त्याला अंगण व झाडे हवी आहेतच, परंतु शौचालय प्रत्येक खोलीला जोडलेले हवे, मोटार दारापर्यंत यावी, विजेला पर्याय असावा आणि आंतरजालाची जोडणी खात्रीची असावी. २०२० च्या टाळेबंदीनंतर यातील शेवटची अट अधिक ठळक झाली, कारण घर हेच कार्यालय झाले. आजोबांच्या लेखी स्थानकाला जे स्थान होते, ते नातवाच्या लेखी या जोडणीला आहे.

कायद्याचाही येथे परिणाम दिसतो. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये बिगरशेतकऱ्यास परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. परिणामी त्याची मागणी बिगरशेती भूखंडाकडे, म्हणजेच सर्वपरिचित 'एनए प्लॉट'कडे वळते, आणि शेताची आखणी पुन्हा एकदा भूखंडांत होते. पार्ल्यात शतकापूर्वी हेच घडले होते.

या साऱ्या मागण्यांत जमीन विकणाऱ्याची अपेक्षा कोठेच नोंदलेली नाही. पार्ल्याच्या बाबतीत खरेदीदाराच्या आठवणी, संस्थांची वृत्ते, स्मरणिका विपुल आहेत. ज्यांची भातखाचरे भूखंड झाली त्यांचे लेखन आपल्या हाती फारसे नाही. त्यांची नावे शोधावयाची तर जुन्या फेरफार नोंदींकडेच वळावे लागेल. कर्जत-पालघरकडे अशा नोंदी आज, आपल्या डोळ्यांदेखत होत आहेत, आणि त्या देणारी माणसे अद्याप बोलावयास उपलब्ध आहेत.